स्लॅब गळण्याआधी काय सांगतो? सुरतच्या घरांत छताची गळती वेळेत ओळखण्याची लक्षणे

सुरत : आखाजी आणि लग्नसराई आटोपून खान्देशातली मंडळी सुरतला परततात, घराचे कुलूप काढतात आणि शाळा-कारखान्यांच्या गडबडीत लागतात. जूनच्या मध्यावर पाऊस धरतो. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री कुठल्या तरी खोलीत टप-टप सुरू होते. बादली लावली जाते, अंथरूण सरकवले जाते, गवंड्याला फोन जातो. गवंडी सांगतो, "आता पावसात काही होणार नाही, दिवाळीनंतर बघू." लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, पांडेसरा, गोडादरा या मराठी वस्त्यांत हे दर वर्षीचे आहे.

टपकणारे थेंब हे गळतीचे पहिले लक्षण नसून बहुतेक वेळा शेवटचे असते. त्याआधी कित्येक महिने, कधी एक-दोन वर्षे, स्लॅब वेगवेगळ्या खुणा दाखवत असतो. वास येतो, डाग पडतो, रंग फुगतो, पांढरी पावडर सुटते, लाल रेघ उमटते. या खुणा वेळेत ओळखल्या तर काम थोडक्यात आटोपते. नाही ओळखल्या तर आतली सळई गंजते आणि प्रश्न खर्चाचा न राहता डोक्यावर काय पडेल याचा होतो.

धाब्याची सवय आणि स्लॅबची समजूत

खान्देशात सपाट मातीच्या छताला धाबे म्हणतात. गुजरातीतही घराच्या गच्चीला 'धाबुं'च म्हणतात. शब्द सारखा असला तरी दोन्हींची देखभाल वेगळी आहे. गावच्या धाब्याच्या घरात दर वर्षी पावसाळ्याआधी खारी माती टाकायची, उंदरांची बिळे बुजवायची, पन्हाळ मोकळे करायचे हे ठरलेले काम असे. धाबे गळणारच हे गृहीत होते, म्हणून त्याकडे लक्ष होते.

सुरतला येऊन रो-हाऊस किंवा फ्लॅट घेतला की "आता पक्का स्लॅब आहे" अशी समजूत होते आणि वर जाणे थांबते. गच्चीवर पाय पडतो तो एकदम उत्तरायणाला. प्रत्यक्षात काँक्रीटही पाणी पिते. त्यात बारीक छिद्रे असतात आणि उन्हाळ्यात तापून, पावसात थंड होऊन त्याला केसासारख्या भेगा पडतात. स्लॅबचे खरे संरक्षण वरचा कोबा, त्याचा उतार आणि चायना मोझेकचा थर करतो. या थराचे आयुष्य स्लॅबपेक्षा कमी असते. त्यामुळे खारी मातीसारखी नाही, पण वर्षातून एकदा पाहणी त्यालाही लागते.

पाणी किती येते याचा साधा हिशोब आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी जमा होते. हे सगळे एक-दोन पाइपांतून खाली जायचे असते. पाइपाचे तोंड तुंबले तर ते तिथेच उभे राहते आणि भेग शोधते.

घराच्या आत दिसणारी लक्षणे

वास : बंद खोली उघडल्यावर कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास येणे ही सर्वात आधीची खूण. रोज त्याच खोलीत राहणाऱ्याला तो जाणवत नाही. गावाहून आठ-दहा दिवसांनी परत आल्यावर दार उघडताच पहिल्या मिनिटात काय वास येतो याकडे लक्ष द्यावे.

चहाच्या रंगाचा डाग : छतावर पिवळट-तपकिरी वर्तुळ आणि त्याची कड गडद. पाणी येऊन सुकले की अशी कड उरते. एकात एक दोन-तीन कडा दिसत असतील तर पाणी अनेकदा येऊन गेले आहे. डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. पुढच्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला का ते पाहावे.

रंगाचे फुगे आणि पोपडे : रंगाच्या मागे ओल अडकली की फुगा येतो, मग पोपडा सुटतो. पुट्टी पिठासारखी गळू लागते.

पांढरी पावडर : ओल सिमेंट-विटांतले क्षार विरघळवून बाहेर आणते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. सुरतचे कडिये याला 'लूणो' म्हणतात. स्लॅबखाली चुन्याच्या पांढऱ्या बारीक कांड्या लोंबत असतील तर पाणी काँक्रीटच्या आरपार, बराच काळ झिरपत आहे असे समजावे.

काळे-हिरवे ठिपके : बुरशी सहसा छताच्या कोपऱ्यात, कपाटामागे, माळ्यावरच्या पेट्यांच्या पाठीमागे धरते. दमेकरी आणि लहान मुलांना तिचा त्रास जास्त होतो.

पंखा आणि दिवे : स्लॅबमध्ये विजेच्या तारांचे पाइप पुरलेले असतात. पाण्याला ते तयार वाटच मिळवून देतात. म्हणून पुष्कळ घरांत पहिला थेंब पंख्याच्या हुकापाशी किंवा दिव्याच्या डब्यातून पडतो. पंख्याच्या वाटीवर गंज, दिवा लुकलुकणे, पावसात एमसीबी वारंवार पडणे ही गळतीचीच लक्षणे असू शकतात.

लाल-तपकिरी सरळ रेघा : ही खूण वेगळी काढून लक्षात ठेवावी. छतावर गंजाच्या रंगाची सरळ रेघ किंवा सरळ भेग, आणि सहा-आठ इंचांवर तशीच दुसरी समांतर रेघ दिसली तर ती सळईची जागा आहे. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेते. आतून ते फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते.

पोकळ आवाज : झाडूच्या लाकडी दांड्याने छताला हलकेच ठोकावे. घट्ट प्लास्टरचा आवाज भरीव येतो. सुटलेले प्लास्टर माठासारखे वाजते. ठोकताना डोके त्या जागेच्या खाली ठेवू नये.

गच्चीवर काय पाहायचे

आतले लक्षण दिसले की वर जाऊन कारण शोधावे लागते. मात्र डागाच्या बरोबर वरच भोक असेल असे मानू नये. पाणी वरच्या भेगेतून शिरते, कोब्याखाली उताराने सरकते, तुळई किंवा तारेच्या पाइपापर्यंत जाते आणि तिथे खाली उतरते. दोन्हींमध्ये आठ-दहा फुटांचे अंतर सहज असू शकते. पावसाळ्याआधी एका सकाळी वर जाऊन पुढील जागा पाहाव्यात.

पाणी उभे राहण्याची जागा : वाळलेल्या चिखलाची गोल खूण, शेवाळाचा काळा पट्टा दिसेल तिथे उतार चुकला आहे. एक बादली पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहिले तरी कळते. दर दहा फुटांना साधारण सव्वा ते दीड इंच ढाळ असावा.

कठड्याचा सांधा : स्लॅब आणि कठड्याची भिंत जिथे मिळते तिथे गोल वाटा केलेला असतो. तो फुटला की पाणी थेट स्लॅब आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाते. खोलीच्या छताच्या कडेला, भिंतीलगत डाग असेल तर आधी हीच जागा तपासावी.

पाण्याच्या पाइपाचे तोंड : उत्तरायणाचा मांजा, फाटके पतंग, पाने, प्लास्टिकच्या पिशव्या इथे अडकतात. १४ आणि १५ जानेवारी झाल्यावर एकदा आणि जूनच्या सुरुवातीला एकदा जाळी काढून तोंड साफ करावे. पाइप आणि स्लॅबच्या मधली गोल फटही पाहावी.

बाहेर ठेवलेल्या सळया : पुढे मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया उघड्या ठेवण्याची पद्धत सुरतपासून नंदुरबार-धुळ्यापर्यंत सगळीकडे आहे. या सळयांवरून पाणी कॉलमच्या आत उतरते आणि गंजही आत जातो. मजला चढवायला वेळ असेल तर सळया गंज काढून सिमेंटच्या लेपाने किंवा कमजोर काँक्रीटच्या ठोकळ्याने झाकून ठेवाव्यात.

दोन घरांच्या मधली फट : रो-हाऊसच्या रांगेत दोन भिंती शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि मध्ये बोटभर किंवा वितभर फट राहते. वरून तिचे तोंड उघडे असेल तर पाणी मधल्या मधे उतरते आणि दोन्ही घरांच्या भिंती ओल्या होतात. दोघेही आपापल्या गच्चीवर खर्च करतात आणि गळती थांबत नाही. शेजाऱ्याशी बोलून फटीवर पत्र्याची किंवा सिमेंटची टोपी बसवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

नवी भोके : डिशचा स्टँड, पाण्याच्या टाकीचा पाया, सोलर पॅनलचे पाय, मांडवाचे खांब. गेल्या काही वर्षांत घरांवर सोलर बसवण्याचे प्रमाण वाढले आहे. गच्चीत बोल्ट मारून स्टँड बसवला असेल तर प्रत्येक पायाभोवती जलरोधक भराव झाला आहे का, हे काम करणारा निघून जाण्याआधी पाहून घ्यावे.

उगवलेले रोप : कठड्याच्या भेगेत पिंपळ किंवा वडाचे रोप दिसले तर ते नुसते तोडू नये. मूळ आत राहिले की पुन्हा फुटते. भेग मोकळी करून मूळ काढून मग बुजवावी.

मोझेकचे तुकडे : पायाखाली हलणारे, वाजणारे किंवा सांध्यातले सिमेंट निघालेले तुकडे असतील तर त्यांच्याखाली पाणी साठत आहे.

ही गळती छताचीच आहे का?

पैसे सर्वात जास्त वाया जातात ते इथे. ओल बाथरूमच्या पाइपाची असते आणि खर्च गच्चीवर होतो. म्हणून गवंडी बोलावण्याआधी पाणी कुठून येते हे ठरवावे.

छताची गळती पावसाशी बांधलेली असते. पाऊस झाला की काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी वाढते, आठ दिवस उघडीप दिली की कमी होते.

पाइपाची गळती बारमाही असते. डाग मे महिन्यातही ओला राहतो, किंवा वरच्या घरात आंघोळी झाल्या की वाढतो. रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून सगळे नळ बंद ठेवावेत आणि सकाळी पाहावे. पातळी उतरली असेल तर पाणी कुठे तरी जात आहे. बाथरूमच्या फरशीवर खायचा रंग घातलेले पाणी ओतून खालच्या डागात रंग उतरतो का, हेही पाहता येते.

जमिनीची ओल खालून वर चढते. ती फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंत दिसते, छताकडे जात नाही. लिंबायतमध्ये मिठी खाडीच्या काठच्या वस्त्यांत ती नेहमीची आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अनेक कुटुंबांनी ते दिवस धाब्यावर काढले. अशा पुरात भिजलेल्या भिंतींचे प्लास्टर पुढेही क्षार टाकत राहते. गच्चीवर कितीही काम केले तरी ही ओल थांबत नाही.

हवेतला दमटपणा हे चौथे कारण. समुद्र जवळ असल्याने सुरतची पावसाळी हवा जड असते. एका खोलीत स्वयंपाक, कपडे वाळवणे आणि पाच-सहा माणसे असतील तर भिंतींना घाम येतो. ओळखायची रीत सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा आणि दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे पाणी जमले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दव जमले तर ते हवेचे आहे. दुसऱ्या प्रकारात खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा एवढाच उपाय पुरतो.

पत्र्याच्या खोल्यांची लक्षणे वेगळी

अनेक कामगार कुटुंबे आजही पत्र्याच्या खोलीत राहतात. तिथे गळती शोधायला पाऊस लागत नाही. भर दुपारी दार-खिडकी बंद करून आतून वर पाहावे. उजेडाचा ठिपका दिसेल तिथे भोक आहे. बहुतेक भोके बोल्टपाशी असतात, कारण बोल्टखालचे रबर किंवा डांबराचे वायसर उन्हाने कडक होऊन फुटते. वायसर बदलणे हे स्वस्त काम आहे. दोन पत्रे एकमेकांवर किमान सहा इंच चढलेले असावेत. कमी असतील तर वाऱ्याचा पाऊस फटीतून उलटा आत येतो.

सिमेंटच्या पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नये. तो न वाकता एकदम फुटतो आणि माणूस आत पडतो. चढायचेच असेल तर खालच्या लोखंडी आडव्यांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरून चालावे, एकट्याने चढू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते कोरडे कापणे, घासणे, फोडणे टाळावे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

कोणत्या खुणांवर खोली सोडायची

सगळी गळती धोक्याची नसते. काही खुणा मात्र दुरुस्तीची वाट पाहण्याच्या नाहीत.

छताचे तुकडे पडून सळया उघड्या दिसत असतील. स्लॅब मध्ये झुकल्यासारखा दिसत असेल. तुळई किंवा कॉलमला तिरकी किंवा उभी भेग पडून ती वाढत असेल. एरवी नीट लागणारे दार-खिडकी अचानक अडकू लागले असेल. छतातून कटकट आवाज येत असेल किंवा माती-रेती गळत असेल, तर त्या खोलीत झोपू नये. सामान नंतर काढता येते, माणसे आधी बाहेर काढावीत. महापालिकेच्या आपल्या भागातल्या झोन कार्यालयाला आणि गरज पडल्यास ११२ किंवा अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.

६ जुलै २०२४ रोजी सुरतच्या सचिन भागातील पाली गावात एक बहुमजली रहिवासी इमारत कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. त्या इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. प्रत्येक कोसळण्यामागे गळतीच असते असे नाही. पण "इमारत नवी आहे, काही होत नाही" या समजुतीवर विसंबता येत नाही, हे त्या घटनेने दाखवले. वय किती आहे यापेक्षा खुणा काय सांगतात हे पाहायला हवे. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस आणि खाली अंथरुणावरची मुले यांना तुकडा पडताना हलायलाही वेळ मिळत नाही.

गळती सुरू झाली त्या रात्री

पहिले काम विजेचे. त्या खोलीचा एमसीबी बंद करावा. पंख्यातून किंवा दिव्यातून पाणी येत असेल तर ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभे राहून बटणाला हात लावू नये. मेन स्विचच ओला असेल तर लांब राहून वीज कंपनीला कळवावे.

दुसरे, पावसात गच्चीवर जाऊन तुंबलेले तोंड मोकळे करायचे असेल तर विजा चमकत नसताना आणि सोबत माणूस घेऊनच जावे. बहुतेक घरांत एवढे केल्यानेच गळती निम्मी होते.

तिसरे, फोटो काढावेत. डागाचा, थेंबाचा, गच्चीवरच्या पाण्याचा, तारखेसह. उघडीप झाल्यावर गवंड्याला कोरडा स्लॅब दाखवून काही कळत नाही. हे फोटो त्याला आणि घरमालकाला दोघांनाही उपयोगी पडतात.

पावसाळ्यात पक्के काम होत नाही. ओल्या स्लॅबवर मारलेला जलरोधक रंग सुटून येतो. तोवर ताडपत्री हाच उपाय. ती कठड्याच्या पलीकडे नेऊन बांधावी, नाहीतर पाणी तिच्यातच साठते.

दुरुस्ती : काय टिकते, काय नाही

आतून पुट्टी आणि रंग मारणे ही दुरुस्ती नाही, ती खूण पुसणे आहे. श्रावणात कानबाईच्या आधी घर धुऊन-पुसून, जमल्यास रंग मारून घेण्याची खान्देशी घरांची रीत आहे. भर पावसाळ्यात ओल्या डागावर रंग चढवला की दिसायला घर चांगले होते, आत पाणी चालूच राहते आणि पुढच्या वर्षापर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. बाकीचे घर खुशाल रंगवावे. डागाची जागा मात्र तशीच ठेवावी आणि गच्चीचे काम झाल्यावर रंगवावी.

काम दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत, स्लॅब पूर्ण कोरडा असताना करावे. भेगा मोकळ्या करून भरणे, कठड्याचा वाटा नवा करणे, पाइपाचे तोंड नीट बसवणे, ढाळ दुरुस्त करणे आणि मग जलरोधक थर, असा क्रम असावा. नुसता वरचा थर मारून देतो म्हणणाऱ्याला आधी वाट्याचे आणि ढाळाचे काय करणार हे विचारावे. सळई उघडी पडली असेल तर गंज पूर्ण घासून, गंजरोधक लेप देऊन मगच भराव करावा. गंजावरच सिमेंट थापले तर ते पुन्हा पडते.

दोन गोष्टी वजनाच्या आहेत. पहिली, जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवणे. चार इंचांचा कोबा ५०० चौरस फुटांवर आठ-नऊ टन वजन टाकतो. आधीचा थर न काढता दर दहा वर्षांनी नवा टाकत गेल्यास स्लॅबवर ट्रकभर ओझे उभे राहते. दुसरी, गच्चीत पाणी भरून चाचणी घेणे. काम झाल्यावर दोन इंच पाणी एक-दोन दिवस उभे ठेवणे ही चांगली चाचणी आहे, पण ५०० चौरस फुटांवर तेवढ्या पाण्याचे वजन सुमारे २,३०० किलो होते. सळया गंजलेल्या किंवा स्लॅब झुकलेला असेल तर ही चाचणी करू नये. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

गवंडी गुजराती असेल तर चार शब्द कामाला येतात. गवंडी म्हणजे 'कडियो', ओल म्हणजे 'भेज', क्षार म्हणजे 'लूणो', पोकळ प्लास्टर म्हणजे 'पोलुं', उतार म्हणजे 'ढाळ'. "धाबामांथी पाणी टपके छे" एवढे सांगितले की बोलणे सुरू होते. पैसे किती आणि काम काय, हे मात्र कागदावर लिहून घ्यावे. सगळी रक्कम काम संपताच न देता काही भाग पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचे आधीच ठरवावे.

भाड्याची खोली असेल तर

भाडेकरूची अडचण अशी की, तक्रार केली तर मालक खोली खाली करायला सांगेल अशी भीती असते. म्हणून लोक वर्षानुवर्षे बादली लावून काढतात. निदान तारखेचे फोटो मालकाला मोबाइलवर पाठवून ठेवावेत, म्हणजे कळवले होते याची नोंद राहते. भाडेकरार करताना छताची दुरुस्ती कोणाकडे, हे एका ओळीत लिहून घ्यावे. खोली घेताना नुकताच मारलेला रंग आणि तोही फक्त एका कोपऱ्यात दिसला, तर त्या कोपऱ्याला दांड्याने ठोकून पाहावे.

घर नवे असेल आणि प्रकल्प रेरात नोंदलेला असेल तर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष आढळल्यास बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यासाठी कळवल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. ही तरतूद केंद्राच्या कायद्यात असल्याने गुजरातेत आणि महाराष्ट्रात सारखीच लागू होते. गुजरातेत गुजरेराकडे, महाराष्ट्रात महारेराकडे दाद मागता येते. ताब्याचे पत्र आणि लेखी तक्रारीची प्रत जपून ठेवावी.

वर्षाचे चार दिवस

गच्चीची देखभाल चार दिवसांत बसते.

उत्तरायण झाल्यावर : मांजा-पतंग काढणे, पाइपाचे तोंड साफ करणे, फुटलेले मोझेक पाहणे.

आखाजीला गावी जाण्याआधी : आतून छत पाहणे, दांड्याने ठोकणे, काम करायचे असल्यास गवंडी ठरवणे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात : बादलीभर पाणी ओतून ढाळ पाहणे, तोंड पुन्हा साफ करणे, ताडपत्री आणि दोरी घरात आणून ठेवणे.

पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी : प्रत्येक खोलीचे छत, कपाटामागच्या भिंती आणि पंख्याच्या वाट्या पाहणे, डागाभोवती पेन्सिलीची रेघ आणि तारीख.

गावच्या धाब्यावर खारी माती टाकायला घरातली माणसे दर वर्षी न चुकता चढत होती. सुरतच्या धाब्यावर माती टाकायची नाही, पण चढून पाहायचे काम तेवढेच आहे.